अनुसयाबाईंची सांबारवडी आणि सरकार

नागपूरच्या महाल भागातल्या त्या बोळात निवडणूक लागली की पौनीकरांच्या घरावर दोन झेंडे चढायचे. खालच्या मजल्यावर थोरली जाऊ अनुसयाबाई. त्यांच्या खिडकीला एका पक्षाचा झेंडा. वर धाकटी जाऊ सोनिका. तिच्या गॅलरीला दुसऱ्या पक्षाचा. वारा सुटला की वरच्या झेंड्याचं टोक खालच्या झेंड्याला जाऊन लागायचं आणि ओट्यावर बसलेली माणसं म्हणायची, "लागल्या पाहा जावा भांडाले."

पण उजाडताच या दोघी एकाच कढईपुढे उभ्या असत. अनुसयाबाई पारी लाटायच्या, सोनिका सारण भरून घडी घालायची. कोथिंबिरीला नागपुरात सांबार म्हणतात. हिवाळ्यात त्याच्या जुड्या ढिगानं येतात, आणि त्या दिवसांत सांबारवडी न खाल्लेलं घर शोधूनही सापडत नाही. पौनीकरांची वडी महालातच काय, पार प्रताप नगरापर्यंत ठाऊक होती. दुकान म्हणजे खालच्या मजल्याची पुढची खोली आणि एक काउंटर. बाकी सगळी हाताची करामत.

दोघींचा धंदा एक, चूल एक, मत मात्र एकही जुळत नव्हतं. सरकारनं धंद्यात किती नाक खुपसावं, हा त्यांचा रोजचा विषय. टीव्हीवर कराची बातमी आली, की पीठ मळता मळता सुरू.

"वडीवर टॅक्स, डब्यावर टॅक्स, डबा ज्या पिशवीत देतो तिच्यावर टॅक्स! आता मी श्वास घेतला का त्याच्यावर लावा म्हणा," अनुसयाबाई म्हणायच्या.

"आणि हा बोळातला रस्ता कायच्यातून झाला, बाई?" सोनिका थोरल्या जावेला बाई म्हणायची. "सरकारी मेडिकलमध्ये तुमच्या गुडघ्याचा फोटो फुकट कोणी काढून देला?"

"फुकट म्हणते! अर्धा दिवस लाईनीत उभी होती मी."

हे भांडण दोघींनी पक्षाच्या सभेत शिकलेलं नव्हतं. दोघी ते आपापल्या घरून घेऊन आल्या होत्या.

अनुसयाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा या घरात चार हातमाग होते. सोसायटी सूत द्यायची, सोसायटीच लुगडी उचलायची. सासरे छाती पुढे काढून सांगत, "आपल्याले बाजारात जायचं काम नाही, सरकार आहे." मग सूत उशिरा यायला लागलं. मग उचललेला माल गोदामातच पडून राहायला लागला. एके दिवशी सोसायटीच्या दाराला कुलूप दिसलं. तरी सासरे रोज सकाळी माग पुसायचे, धोट्याला तेल द्यायचे आणि वाट पाहत बसायचे. "येईल सूत. सरकार असं सोडत नसते." ते गेले, सूत आलं नाही. अनुसयाबाईंचा नवरा विश्वनाथ एका कापडाच्या दुकानात मापं घ्यायला लागला, आणि अनुसयाबाईंनी डोक्यावर टोपलं घेऊन शाळांच्या फाटकापुढे वड्या विकायला सुरुवात केली. कुणाचं काही मागितलं नाही. आवडली तर घे, नाही आवडली तर पुढं जा. त्या मोकळेपणानं त्यांना उभं केलं होतं. "जो सरकारच्या भरवशावर बसला तो बसलाच," असं त्या म्हणायच्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे धोट्याला तेल देणारे सासरे असायचे.

सोनिका नरखेडकडची. वडिलांची संत्र्याची बाग. व्यापारी झाडावरच बहार घ्यायचा, मोठा भाव बोलायचा, आणि तोडणीच्या दिवशी म्हणायचा, "काका, माल बारीक निघाला." गाड्या उभ्या, फळ झाडाला लोंबलेलं, पाऊस डोक्यावर. वडील मान खाली घालून हो म्हणायचे. दाद मागायला जागाच नव्हती. "बाजार मोकळा होता बाई," सोनिका म्हणायची, "पण माह्या बाबांचे हात बांधलेले होते."

त्यामुळे दुकानाचा अन्न परवाना काढायचा, हा हट्ट सोनिकाचा. अनुसयाबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. "पंचवीस वर्षं माह्या हातची वडी लोक खाऊन राहिले. गिऱ्हाईक माहा इन्स्पेक्टर आहे. त्याले नाही आवडलं का तो दुसऱ्या दिवशी येत नाही. माह्या चुलीपाशी सरकार कायले पाहिजे?" सोनिकानं तरीही परवाना काढला. अनुसयाबाई तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. पण तेल तापलं की "सोनिका, सोड वं लवकर!" असं ओरडल्याशिवाय भागत नाही, त्यामुळे तो अबोला फार टिकला नाही.

यंदा महानगरपालिकेची निवडणूक आणि सांबाराचा हंगाम एकदमच आला. वॉर्डातला अनुसयाबाईंच्या पक्षाचा कार्यकर्ता विक्रम रोज दुकानावर यायचा. "काकू, तुमच्यासारख्या धंदेवाल्या बायाच आपली ताकद," म्हणायचा आणि गरम वडी उचलायचा. त्याच पक्षाच्या सभांमध्ये मधुकरराव नावाचे एक निवृत्त बँक मॅनेजर भाषण द्यायचे. प्रताप नगरात बंगला, बोलणं ठसक्याचं. सरकारी तपासण्यांनी छोटा धंदा कसा मारला, हे त्यांच्याइतकं कुणी सांगत नसे. अनुसयाबाई पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या. म्हणूनच मधुकररावांच्या मुलीच्या, मिनलच्या साखरपुड्याची ऑर्डर आली तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं. दोघी जावांनी मिळून पहाटेपासून वड्या केल्या. हॉलवर पोचवल्या, गरम तळून दिल्या. बाकी जेवण दुसऱ्या कॅटरर्सचं होतं. लोक बोटं चाटत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. साखरपुड्याला आलेल्या बऱ्याच माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले होते. कुणी घरीच होतं, कुणाला दवाखान्यात सलाईन लागलं होतं. मधुकररावांच्या ऐंशी पार केलेल्या आईची, प्रेमिलाआजींची तब्येत जास्त बिघडली होती. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: वडी.

अनुसयाबाई पाटावर बसल्या त्या बसूनच राहिल्या. हाताला बेसन तसंच. इतक्या वर्षांत त्यांच्या वडीनं कुणाचं पोट दुखलं नव्हतं. निदान त्यांना तसं ठाऊक होतं. आता ते "निदान" मनात घुसलं आणि निघेना. तेल जुनं होतं का? खोबरं खवट? नाही. मग?

तेवढ्यात विक्रमचा फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर टाकला. "काकू, कालच्या लॉटमधला काही माल उरला आहे का?"

उरला होता. ऑर्डरमधल्या थोड्या वड्या संध्याकाळच्या काउंटरसाठी मागे ठेवल्या होत्या, त्यातला एक डबा फ्रिजमध्ये होता.

"तो नालीत टाका. आता लगेच. अधिकारी येऊन राहिले आहेत. संपला म्हणून सांगा. माल नाही तर नमुना नाही, नमुना नाही तर केस नाही. बाकी मी पाहतो. उद्या चौकात बसू आपण, छोट्या धंद्यावर जुलूम म्हणून. तुमचा फोटो मोठा लावू."

अनुसयाबाईंनी डबा काढला. मागच्या दारी गेल्या. नालीपाशी उभ्या राहून झाकण उघडलं. वड्या कालच्याच होत्या, पण अजून कुरकुरीत दिसत होत्या. कडा नीट मुडपलेल्या, एकही फुटलेली नाही. जिन्यावर सोनिका उभी होती. तिला फोनवरचं सगळं ऐकू गेलं होतं. तोंड उघडलं असतं तर बाईंनी तिरीमिरीत डबा उपडा केला असता, हे तिला ठाऊक होतं.

अनुसयाबाईंनी एक वडी बोटानं सरळ केली. मग त्यांनी झाकण लावलं.

"माह्या हातची वस्तू मी नालीत टाकू?" त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "मी चोर आहे का?"

सोनिकानं खाली येऊन डबा त्यांच्या हातातून घेतला आणि परत फ्रिजमध्ये ठेवला.

अन्न विभागाच्या अधिकारी आल्या. वैभवी नावाच्या, तिशीतल्या. हसणं नाही, रागावणं नाही. तेल पाहिलं, पाण्याची टाकी पाहिली, दोघींची नखं पाहिली. डब्यातल्या वड्यांचे भाग करून त्यांनी सील केले. अनुसयाबाई लाखेचा तो ठप्पा बसताना पाहत होत्या. आपल्या वडीवर कुणी असं कुलूप लावेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"माहा दोष निघाला तर?" त्यांनी विचारलं.

"तर कारवाई होईल."

"आणि नाही निघाला तर?"

"तर तसं लिहून देऊ."

"दोन्ही सारख्याच अक्षरात लिहा म्हणजे झालं, मॅडम."

वैभवीबाई पहिल्यांदा किंचित हसल्या. "अहवाल येईपर्यंत विक्री बंद ठेवा," एवढं सांगून त्या गेल्या.

सगळ्यात वाईट होती ती शांतता. काउंटर बंद, कढई उपडी. दोघी जावा एकमेकींशी इतक्या जपून बोलायच्या की विश्वनाथला धास्ती वाटायला लागली. टीव्हीवर कराची बातमी लागली तरी कुणी काही म्हणेना. "भांडा ना वं जरासं," तो एकदा कळवळून म्हणाला.

अनुसयाबाईंना राहवेना. त्या प्रेमिलाआजींना पाहायला दवाखान्यात निघाल्या. सोनिका न विचारता सोबत आली. वऱ्हांड्यात मधुकरराव भेटले. रात्रभर जागलेला माणूस; त्यांनी आवाजाला लगाम घातला नाही.

"आमची आई जाता जाता राहिली, समजलं का? असे कुठेही दुकानं उघडतात, काहीही विकतात! यांच्यावर सरकारचं लक्ष नको का? परवाना तरी होता का तुमच्याकडे?"

पुढच्या रांगेत बसून ज्याच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या, तो हाच माणूस. अनुसयाबाईंना राग यायला हवा होता, पण आला नाही. आई आत पडलेली असली की माणूस भाषण विसरतो, हे त्यांना कळत होतं. "आहे," त्या हळूच म्हणाल्या. "परवाना आहे. माह्या जावेनं काढला." सोनिकानं नजर दुसरीकडे वळवली.

आत प्रेमिलाआजी उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण डोळे लकलकीत. धोका टळला असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. ते ऐकल्यावर अनुसयाबाईंनी उभ्याउभ्याच हात जोडले. त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि आजींचा हात धरला.

"आजी, माह्या वडीनं तुमाले त्रास झाला असन तर..."

"कोणती वडी?" आजी म्हणाल्या.

"साखरपुड्यातली. सांबारवडी."

"मले कोणी देल्ली वडी? मले दात कुठी आहे वं खायले?" आजींनी तोंड उघडून दाखवलं. खरंच, एकही नव्हता. "पोरगी म्हणे कडक आहे, राहू दे. मी तर भातही नाही खाल्ला. मठ्ठा प्याली फक्त. थंडगार होता, बर्फ टाकलेला. एक गिलास प्याली, मग अजून एक प्याली."

सोनिका आणि अनुसयाबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. इतके डॉक्टर, इतके नातेवाईक, घरभर चौकशी. पण आजारी म्हाताऱ्या बाईला तू काय खाल्लंस, हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी वडी गृहीत धरली होती. दारात उभ्या मधुकररावांनी हे ऐकलं. ते चष्मा काढून पुसत राहिले.

सोनिकानं तिथूनच वैभवीबाईंना फोन लावला.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली, ती अनुसयाबाईंना विश्वनाथकडून कळली. सोनिकाच्या पक्षाच्या कार्यालयातून तिला बोलावणं आलं होतं. विरोधी पक्षाची कार्यकर्ती आणि विषारी वड्या, असं पत्रक काढायचं घाटत होतं. "तुम्ही फक्त एवढंच सांगा, का नियम पाळा म्हणून तुम्ही मागं लागल्या होत्या आणि तुमच्या जावेनं विरोध केला," असं तिला सांगण्यात आलं. खोटंही नव्हतं ते.

"मग? काय म्हणाली ती?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"म्हणाली, त्या वड्या मीबी भरल्या आहेत. विषारी लिहायचं असन तर माहं नाव आधी लिहा. आणि उठून आली." विश्वनाथ हसला. "वर जाऊन झेंडाही काढून टाकला तिनं."

अनुसयाबाई जिना चढून वर गेल्या. वर्षभरात त्या गुडघ्यांपायी वर गेल्या नव्हत्या. सोनिका कपडे वाळत घालत होती.

"झेंडा काहून काढला वं?"

"असाच. धुवायला."

"मग धुऊन लाव वापस. माह्यासाठी पक्ष सोडू नको. मले नाही चालत असं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि हे पाह्य, विक्रमले मी फोन करून सांगतलं. चौकात बसायचं नाही, माहा फोटो लावायचा नाही. माह्या वडीचं आंदोलन नाही होऊ देत मी."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काकू, पक्षाचं नुकसान होईल. मी म्हटलं, भैताड आहे का गा? म्हातारी मरता मरता वाचली, आणि तुले नुकसान पक्षाचं दिसून राहिलं?"

बंद काउंटरपुढे त्या दिवसांत जुनी गिऱ्हाइकं येऊन जायची. कुणी म्हणायचं, "बाई, आम्हाले द्या हो, आमचा भरोसा आहे." अनुसयाबाई हात जोडायच्या. द्यायचा मोह व्हायचा. पण दिलं नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या चार शब्दांवरच त्यांचे ते दिवस निघाले.

अहवाल आला तो भर दुपारी. सोनिकाच्या मोबाईलवर आधी वैभवीबाईंचा फोन आला. सोनिका नुसती "हो... हो मॅडम... हो" करत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे अनुसयाबाईंना काहीच कळेना. त्यांनी तिचा दंड गच्च धरला. "सांग वं! काय झालं सांग ना!"

"वडी साफ आहे, बाई. एकदम साफ. बर्फ होता. मठ्ठ्यात टाकलेला बर्फ खायचा नव्हताच, माल थंड ठेवायचा बर्फ होता तो. घाण पाण्याचा. कॅटरर्सवाल्यानं स्वस्त पडते म्हणून आणला. आणि सगळे लोक घरी आले आहेत, कोणीच दवाखान्यात नाही आता."

अनुसयाबाई ओट्यावर बसल्या. पदर तोंडाला लावला. आधी रडल्या, मग त्यांना हसू यायला लागलं, मग दोन्ही एकदम. शेजारपाजारचे जमले. कुणीतरी पाणी आणलं. विश्वनाथ दुकानातून माप घ्यायची पट्टी गळ्यात तशीच घेऊन धावत आला. छातीवर इतके दिवस ठेवलेला पाटा कुणी उचलून नेल्यासारखं अनुसयाबाईंना वाटत होतं. श्वास पार पोटापर्यंत जात होता.

जरा वेळानं त्या डोळे पुसून म्हणाल्या, "आता तू म्हणशीन, सरकारनं वाचवलं."

"मी काही म्हटलं का?" सोनिका म्हणाली.

"म्हणू नको, पण ठप्पा लागला म्हणून वाचली, हे खरं आहे. नालीत टाकल्या असत्या तर जन्मभर ऐकलं असतं. कबूल." त्यांनी एक बोट वर केलं. "पण त्या कॅटरर्सवाल्याकडं परवाना होता ना? भिंतीवर टांगला होता म्हणे, फ्रेम करून. तो कुठी झोपला होता तुहा परवाना?"

"म्हणून तर तपासणी वाढवायला पाहिजे!"

"म्हणून तर गिऱ्हाइकानं स्वतः डोळे उघडे ठेवायला पाहिजे!"

"गिऱ्हाइकाले बर्फातलं पाणी दिसते का, बाई?"

"आणि तुह्या इन्स्पेक्टरले दिसलं का? तोंडात दात नसलेल्या म्हातारीनं सांगतलं तेव्हा दिसलं!"

विश्वनाथ भिंतीला टेकून ऐकत होता. त्याच्या तोंडावर असं समाधान होतं, जणू घरात भजन चाललंय.

मधुकरराव स्वतः आले, स्कूटरवर. माफी मागणं त्यांना जमत नव्हतं. काउंटरवरून बोट फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "अनुसयाबाई, मिनलच्या लग्नातही वडी तुमचीच. आईचा हट्ट आहे. आणि मठ्ठाही तुम्हीच करा, म्हणते."

"करू ना. पण बर्फ नाही टाकत मी. माठात गार करतो आम्ही," अनुसयाबाई म्हणाल्या. मग न राहवून त्यांनी विचारलं, "आणि मधुकरराव, सभेत भाषण कोणतं देणार आता?"

मधुकरराव खळखळून हसले. "अजून लिहिलं नाही हो. लिहायला बसतो, आणि मधेच अडतो."

त्यांना चहा झाला. ते गेल्यावर अनुसयाबाईंना एकदम कडकडून भूक लागली. इतके दिवस घास घशाखाली नुसता ढकलला जात होता. सोनिकानं गरम भात आणि वरण वाढलं, वरून तुपाची धार सोडली. अनुसयाबाई पाटावर मांडी घालून जेवल्या, पुन्हा वाढून घेतलं, आणि दिवसाउजेडी, दार उघडं टाकून, तिथेच चटईवर झोपल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दोघी जावा रिक्षात बसून भाजीबाजारात गेल्या. हंगाम अर्धा उरला होता. सांबाराचे ढीग नुकतेच उतरत होते, पानांवर दव होतं, आणि थंडीत सगळा बाजार त्या वासानं भरला होता. सोनिकानं एक जुडी उचलून देठ पाहिले आणि खाली ठेवली. अनुसयाबाईंनी तीच उचलली, हुंगली, आणि पिशवीत टाकली.